हातातली कामे आणि दिवसाचे तास

घरून ऑनलाइन व्यवसाय करणाऱ्या वाचकांच्या प्रश्नांना या सदरात उत्तरे दिली जातात. या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय एकच होता, तो म्हणजे अंगावर आलेले काम. त्यांपैकी तीन पत्रे निवडली आहेत. पहिले पत्र माझ्याच व्यवसायातील असल्यामुळे त्याला सविस्तर उत्तर देत आहे.

प्रश्न : मी सांगलीला राहते आणि पाच वर्षांपासून इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते. पुण्यातील एक, युरोपातील एक आणि अमेरिकेतील दोन अशा चार एजन्सी मला काम देतात. गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात मी औषध-चाचणीच्या संमतीपत्रांचे नऊ हजार शब्द, एका ॲपमधील मजकुराचे सहा हजार शब्द आणि ऐंशी मिनिटांच्या माहितीपटाची उपशीर्षके (सबटायटल्स) एवढे काम घेतले. रोज चार तास झोपून काम केले, तरी एक फाइल उशिरा गेली आणि दुसरी चुकांसह परत आली. घरात अडीच वर्षांचा मुलगा आहे. सासूबाई मदत करतात, पण मी घरातच असल्यामुळे मी मोकळीच आहे, असे सर्वांना वाटते. काम नाकारायची भीती वाटते, कारण मागे एकदा दोन महिने एकही काम आले नव्हते आणि ते दिवस मी विसरलेली नाही. एवढे काम कसे सांभाळावे?

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि मग कागद घेऊन तुमच्या त्या आठवड्याची बेरीज केली. संमतीपत्रासारख्या वैद्यकीय मजकुरात माझा स्वतःचा वेग तासाला साधारण दोनशे वीस शब्दांचा आहे, म्हणजे नऊ हजार शब्दांना एक्केचाळीस तास लागतात. ॲपच्या मजकुराचा वेग अडीचशे धरला, तर चोवीस तास होतात. दहा मिनिटांच्या उपशीर्षकांना मला दीड तास लागतो, त्या हिशेबाने ऐंशी मिनिटांचे बारा तास झाले. ही बेरीज सत्त्याहत्तर तासांची आहे, आणि तपासणी, शंका विचारणे, ईमेल व फाइल पाठवणे यांसाठी किमान पंधरा तास धरले की ती ब्याण्णववर जाते. सातही दिवस बसले तरी रोजचे तेरा तास भरतात. कितीही नीट नियोजन केले असते, तरी हे काम त्या आठवड्यात मावणारे नव्हते. म्हणून उशीर झाला यात तुमच्या कष्टांची उणीव मला दिसत नाही. उणीव आहे ती होकार देण्यापूर्वी न केलेल्या या बेरजेची, आणि ती करायला दहा मिनिटे पुरतात.

या बेरजेसाठी लागणारा पहिला आकडा म्हणजे तुमचा स्वतःचा वेग. भाषांतराच्या व्यवसायात दिवसाला दोन ते अडीच हजार शब्द हा आकडा सर्रास सांगितला जातो आणि एजन्सीचे लोकही मुदत ठरवताना तोच धरतात. परंतु तो सरासरीचा आकडा आहे, आणि मराठीच्या बाबतीत काही प्रकारच्या मजकुरात तो अजिबात लागू पडत नाही. ॲपच्या मजकुराचेच उदाहरण घ्या. इंग्रजीत गावाच्या नावासाठी एक रिकामी जागा सोडलेली असते आणि तिच्या आधी 'मध्ये' या अर्थाचा शब्द असतो. मराठीत 'पुणे'चे 'पुण्यात' होते आणि 'सातारा'चे 'साताऱ्यात', म्हणजे नुसता प्रत्यय जोडून भागत नाही, मूळ शब्दाचे सामान्यरूप होते, आणि संगणक ते रूप करून देत नाही. मग वाक्य असे फिरवावे लागते की रिकाम्या जागेतील शब्दाला विभक्तीच लागणार नाही. तीन शब्दांच्या त्या तुकड्याला कधी कधी पाच मिनिटे लागतात, आणि बिलात मात्र तीनच शब्द मोजले जातात. यासाठी दोन आठवडे प्रत्येक फाइल उघडल्याची आणि बंद केल्याची वेळ वहीत लिहा, आणि मजकुराच्या प्रकारानुसार तुमचा तासाचा वेग वेगवेगळा काढा. त्यासाठी कोणतेही ॲप विकत घेण्याची गरज नाही.

याच संदर्भात एक सूचना. दर शब्दावर ठरत असेल, तर शब्द इंग्रजी मजकुराचे मोजले जाणार की मराठीचे, हे लेखी ठरवून घ्या. इंग्रजीत तीन शब्दांत जे सांगितले जाते ते मराठीत 'घरात' या एका शब्दात येते, त्यामुळे मराठी शब्द मोजले गेले तर तेवढ्याच श्रमांचे पैसे कमी मिळतात. पुण्यातील कोणत्याही लहान ग्राहकाशी बोलताना हा मुद्दा आधी काढावा, कारण त्यांना ही बाब बहुधा ठाऊकच नसते.

दुसरा आकडा म्हणजे तुमच्या आठवड्यात कामाचे तास खरोखर किती आहेत. अडीच वर्षांचे मूल घरात असताना एकाग्रतेने भाषांतर करता येईल असे तास दिवसाला पाच किंवा सहाच मिळत असतील, तर तेवढेच धरा. त्यातून बिले आणि हिशेबाचा वेळ वजा करा. आगाऊ प्राप्तिकराचे हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांना येतात आणि त्या आठवड्यांत अर्धा दिवस तरी त्यात जातो, तोही दिनदर्शिकेवर आधीच मांडून ठेवा. उरलेले तास समजा आठवड्याला तीस असतील, तर त्यांपैकी बावीस-तेवीस तासांचेच काम स्वीकारा.

उरलेले सात-आठ तास रिकामे का ठेवायचे, हे समजून घेतले नाही तर ते पहिल्याच ईमेलला भरून जातील. या प्रश्नाचे गणित डेन्मार्कमधील ए. के. एर्लांग या गणितज्ञाने सुरू केले. ते कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करत आणि किती फोन आले की किती तारा पुरतील, हे त्यांना काढायचे होते. त्यांचा पहिला निबंध १९०९ सालचा आहे. त्यातून पुढे उभ्या राहिलेल्या रांगेच्या गणिताचे साधे रूप असे : एकच खिडकी आहे, माणसे कधी येतील याचा नेम नाही आणि प्रत्येकाला किती वेळ लागेल याचाही नेम नाही. ती खिडकी ऐंशी टक्के वेळ व्यग्र असेल, तर येणाऱ्याला सरासरी चार कामांच्या वेळेइतके थांबावे लागते. नव्वद टक्के व्यग्र असेल तर नऊ आणि पंच्याण्णव टक्के असेल तर एकोणीस कामांच्या वेळेइतके. तुम्ही ती एकच खिडकी आहात. काम थोडेसेच वाढते आणि खोळंबा मात्र कित्येक पटींनी वाढतो, हा अनुभव तुम्ही गेल्या महिन्यात घेतला आहे. मुलाला ताप येणे, वीज जाणे, ग्राहकाने मूळ फाइलच बदलून पाठवणे या गोष्टी दर आठवड्याला काहीतरी रूप घेऊन येतातच, आणि त्यांना जागा ठेवली नाही तर त्या झोपेतून वजा होतात.

झोपेविषयी मला आग्रहाने सांगायचे आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला पंचावन्न किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना पस्तीस ते चाळीस तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका पस्तीस टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सतरा टक्क्यांनी अधिक असतो. एखाद्या आठवड्याने असे काही होत नाही, परंतु तुमच्या पत्रातील आठवडा हा एकटा नसावा अशी मला शंका आहे. आणि वैद्यकीय भाषांतरात केवळ आपल्या प्रकृतीचा प्रश्न नसतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत अशाच एका आठवड्याच्या शेवटी, रात्री दोन वाजता, एका औषधाच्या माहितीपत्रकात 'दिवसाआड' असे लिहायच्या जागी मी 'दररोज' असे लिहिले. तपासणाऱ्या भाषांतरकाराच्या लक्षात आले म्हणून ते छापले गेले नाही. त्या रात्रीनंतर मी रात्री अकरानंतर मात्रांचा उल्लेख असलेला मजकूर हाती घेत नाही, आणि तुम्हीही घेऊ नये अशी माझी विनंती आहे.

आता परदेशी मुदतींकडे वळू. अमेरिकेतील एजन्सी 'शुक्रवार दिवसअखेर' असे लिहिते तेव्हा तो कोणाचा दिवस, हे विचारल्याशिवाय काम सुरू करू नका. न्यूयॉर्कमध्ये शुक्रवारचे सायंकाळचे सहा वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे शनिवारी पहाटेचे साडेतीन, तर हिवाळ्यात साडेचार वाजलेले असतात, कारण तिकडे मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळे बदलतात. तुम्ही शुक्रवारी सायंकाळी सहाला फाइल पाठवण्यासाठी धावपळ करत असाल, तर शुक्रवारची रात्र हातात असतानाच धावता आहात. त्याहून उपयोगाची गोष्ट सोमवारची आहे. 'सोमवारी सकाळी हवे' असे म्हणणाऱ्या न्यूयॉर्कच्या कार्यालयात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा सांगलीत सोमवारची सायंकाळ झालेली असते, उन्हाळ्यात साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. सोमवारचा अख्खा दिवस आपलाच असताना रविवारची रात्र जागून काढण्याचे काहीच कारण नसते. मुदत नेहमी तारीख, वेळ आणि 'भारतीय वेळेनुसार' या तीन गोष्टींसह लिहून घ्या. युरोपातील एजन्सीचे अंतर कमी असल्याने तेथे एवढा फरक पडत नाही.

नकाराची भीती हा तुमच्या पत्राचा गाभा आहे. माझे निरीक्षण असे, की एजन्सीतील प्रकल्प सांभाळणाऱ्या व्यक्तीला नकाराचा त्रास फारसा होत नाही, कारण तिच्याकडे दुसऱ्या भाषांतरकाराला विचारण्यासाठी वेळ असतो. तिला त्रास होतो तो होकार मिळाल्यावर शेवटच्या दिवशी कळलेल्या उशिराचा, कारण तेव्हा तिच्या हातात काहीच उरलेले नसते. म्हणून नकार लवकर द्या, आणि त्यात काय शक्य आहे तेही सांगा. उदाहरणार्थ : "या आठवड्यात माझ्याकडे जागा नाही. गुरुवारी सुरू करून पुढच्या मंगळवारी भारतीय वेळेनुसार सायंकाळी सहापर्यंत संपूर्ण फाइल देऊ शकते. तातडी असल्यास पहिल्या दोन हजार शब्दांचा भाग शनिवारी देता येईल." असे उत्तर मिळाल्यावर मुदत पुढे सरकल्याचे मी कितीतरी वेळा पाहिले आहे, कारण पहिली मुदत अनेकदा अंदाजानेच घातलेली असते. घेतलेल्या कामाला उशीर होणार असे दिसले, तर तेही दिसताक्षणी कळवा; मुदतीच्या दोन दिवस आधी कळवलेला उशीर बहुतेक वेळा निभावून नेता येतो.

काय नाकारावे हे ठरवताना शब्दाच्या दरावर जाऊ नका. समजा, एक एजन्सी शब्दाला दीड रुपया देते आणि तिचा मजकूर सोपा असल्याने तासाला तीनशे शब्द होतात, तर तासाचे साडेचारशे रुपये झाले. दुसरी अडीच रुपये देते, परंतु तिच्या किचकट सूचनांमुळे दीडशेच शब्द होतात, तर तासाचे पावणेचारशे. कागदावर मोठा दिसणारा दर इथे लहान निघाला. चारही एजन्सींचा असा हिशेब करा. जिचा तासाचा मोबदला सर्वांत कमी आणि पैसे सर्वांत उशिरा, तिचे काम प्रथम कमी करा. आणि सलग तीन-चार महिने तास भरलेलेच राहत असतील, तर दर वाढवण्याची वेळ आली आहे असे समजा. नव्या ग्राहकाला वाढीव दर सांगून सुरुवात करावी, जुन्यांना एक-दोन महिने आधी कळवावे.

ओळखीच्या भाषांतरकाराला अर्धे काम देऊन टाकावे, असेही तुमच्या मनात आले असेल. एजन्सीच्या लेखी संमतीशिवाय ते करू नका. गोपनीयतेच्या करारात बहुधा त्याला स्पष्ट मनाई असते, आणि संमतीपत्रांसारख्या मजकुरात ही बाब गंभीर ठरते. त्याऐवजी नकार देताना त्या व्यक्तीचे नाव सुचवा. ती व्यक्तीही पुढे तुमचे नाव सुचवेल.

रिकाम्या दोन महिन्यांची आठवण शब्दांनी जाणार नाही, तिला पैशांचाच आधार लागतो. तीन महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम वेगळ्या खात्यात जमेपर्यंत प्रत्येक बिलातील ठरावीक हिस्सा तिकडे वळवा. ती रक्कम जमली की नकाराचे ईमेल लिहिताना हात थांबत नाही, हे मी स्वानुभवाने सांगते. पैसे अडकून राहिल्यामुळेही माणूस नको ते काम घेतो. पुण्यातील एजन्सी देयक रखडवत असेल, तर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. ती ऑनलाइन आणि विनाशुल्क होते, आणि सेवा देणाऱ्या एकट्या व्यक्तीलाही करता येते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि ती मुदत पंचेचाळीस दिवसांहून अधिक ठेवता येत नाही. करार नसेल तर मुदत पंधरा दिवसांची आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. व्याज मागण्याची वेळ सहसा येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख ठळक लिहिली तरी फरक पडतो.

घराविषयी थोडेच लिहिते, कारण तुमचे घर तुम्हीच जाणता. सासूबाईंना कामाचे तास तोंडी सांगण्याऐवजी स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवा, जसे एखाद्या बँकेत जाणाऱ्या सुनेचे तास घराला माहीत असतात. त्या वेळात दार बंद असेल आणि त्यानंतर तुम्ही खरोखर मोकळ्या असाल, हे दोन्ही पाळले गेले तरच त्या वेळेला घरात मान मिळतो. सकाळचे तीन तास कोणी बाई मुलाला सांभाळायला मिळत असेल, तर तो खर्च व्यवसायाचा समजून करा.

प्रश्न : मीही भाषांतरकार आहे, रत्नागिरीत राहतो. वर्षभरापासून एजन्सी यंत्राने केलेले भाषांतर पाठवते आणि 'फक्त दुरुस्त करा' म्हणते. दर निम्मा असतो आणि दिवसाला पाच हजार शब्दांची अपेक्षा असते. काम दुप्पट, पैसे तेवढेच. हे घ्यावे की नाही?

उत्तर : मोजल्याशिवाय घेऊ नका. पाचशे शब्दांचा नमुना मागा आणि घड्याळ लावून तो अंतिम दर्जाला आणा. शून्यातून करताना तुमचा वेग तासाला अडीचशे शब्द आणि दर दोन रुपये असेल, तर तासाचे पाचशे रुपये होतात. दुरुस्तीचा वेग साडेतीनशे झाला आणि दर एक रुपया राहिला, तर साडेतीनशेच मिळतात, म्हणजे यंत्राने वाचवलेल्या वेळेचा सारा फायदा एजन्सीकडे जाऊन तुमच्याही खिशातले थोडे गेले. अशा वेळी शब्दांऐवजी तासाचा दर मागा.

दुरुस्ती कोणत्या दर्जाची हवी, हेही आधी विचारा. या कामासाठी २०१७ चे आयएसओ १८५८७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात माणसाने केलेल्या भाषांतराच्या तोडीचा मजकूर देणारी पूर्ण दुरुस्ती आणि केवळ आशय समजण्यापुरती हलकी दुरुस्ती असे दोन प्रकार वेगळे केलेले आहेत. हलक्या दुरुस्तीचे पैसे देऊन पूर्ण दुरुस्तीची अपेक्षा करणे हेच या कामातील बहुतेक भांडणांचे मूळ आहे. मराठीत यंत्राच्या चुका नेमक्या डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या असतात. एकाच पडद्यावर वर 'तुम्ही' आणि खाली 'तू' येते, विशेषणाचे लिंग नामाशी जुळत नाही, फाइल 'जतन करा' म्हणायच्या जागी 'वाचवा' येते, खरेदीच्या ऑर्डरचा 'आदेश' होतो. वाक्य वरवर ओघवते असल्याने नजर पुढे सरकते. या कामात थकवा लवकर येतो, म्हणून मी स्वतः ते सलग दीड तासाहून अधिक करत नाही आणि दिवसात एकदाच करते. नमुन्याचा दर्जा वाईट असेल, तर दोन-तीन वाक्ये उदाहरणादाखल दाखवून संपूर्ण भाषांतराचा दर मागावा. असे पुराव्यासह केलेले म्हणणे अनेकदा ऐकले जाते.

प्रश्न : नाशिकहून लिहितो. मी संकेतस्थळांची रचना करतो. एकाच ग्राहकाचे बदल संपत नाहीत. रात्री साडेअकरालाही व्हॉट्सॲपवर 'एवढे एकच करून द्या' येते. इतर कामे मागे पडतात.

उत्तर : तुमच्या कामाचा शेवट कोठे आहे, हे त्या ग्राहकाला माहीत नाही, कारण ते कोठेच लिहिलेले नाही. चालू कामासाठी आजच एक ईमेल पाठवा. त्यात ठरलेली पाने, आतापर्यंत झालेले बदल आणि उरलेल्या बदलांची एकच यादी शुक्रवारपर्यंत द्यावी, अशी विनंती असू द्या. त्या यादीनंतरच्या बदलांना तासाप्रमाणे पैसे लागतील, हेही त्यातच लिहा. पुढच्या कामांत बदलांच्या दोन फेऱ्या किमतीत धरा, रकमेचा काही भाग आगाऊ घ्या, आणि संकेतस्थळ ग्राहकाच्या सर्व्हरवर चढवण्यापूर्वी उरलेली रक्कम घ्या.

व्हॉट्सॲप बंद करण्याची गरज नाही. आलेल्या संदेशाला दुसऱ्या दिवशी सकाळी, "यादीत नोंदवले आहे, मंगळवारच्या फेरीत करतो," एवढेच उत्तर द्या, आणि खरोखरच ते मंगळवारी करा. रात्रीच्या संदेशाला रात्री उत्तर मिळाले की ग्राहक ती वेळ कामाची धरतो. दोन-तीन आठवडे सातत्याने असे केल्यावर संदेशांची संख्या कमी होते, कारण सुटे बदल पाठवून काम लवकर होत नाही, हे ग्राहकाच्या लक्षात येते. तसे न झाल्यास त्या ग्राहकावर महिन्यात किती तास गेले ते मोजून त्याला पुढील कामाचा नवा दर कळवा.